सोलापुरातली ‘अल्कोहोल प्रोफाइल’ पॅकेजं: माप पुरुषाचं, रिपोर्ट बाईचा

‘फुल बॉडी चेकअप’च्या यादीत खाली कुठेतरी हे पॅकेज सापडतं. कुणी त्याला ‘अल्कोहोल प्रोफाइल’ म्हणतं, कुणी ‘डी-अ‍ॅडिक्शन प्रोफाइल’, कुणी नुसतं ‘लिव्हर प्लस’. सकाळी सातला मुलगा बॅग घेऊन घरी येतो, दोन-तीन ट्यूब रक्त नेतो आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येऊन पडते. जुळे सोलापूर असो, होटगी रोड असो की पूर्व भाग, सेवेचा साचा सारखाच. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका लॅबचं नाही, या प्रकारच्या पॅकेजचं आहे. आत काय असतं, त्यातलं काय कामाचं, आणि रक्त बाईचं असेल तर तोच आकडा वेगळा का वाचायचा, एवढंच बघायचं आहे.

गुण आधीच देऊन टाकतो. पुरुषासाठी ५ पैकी साडेतीन, बाईसाठी दोन. यंत्र तेच, रसायन तेच, पैसे तेच. दीड गुण जातात ते कोष्टक छापण्यात आणि वाचण्यात.

पॅकेजात सहसा लिव्हर फंक्शन टेस्ट (एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची एन्झाइमं, बिलिरुबिन, अल्ब्युमिन), त्यात गॅमा जीटी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), युरिक अ‍ॅसिड आणि लिपिड असतं. वरच्या दराच्या पॅकेजात सीडीटी (सततच्या दारूने बदललेल्या एका प्रथिनाचं प्रमाण) घातलेली असते. पेथ नावाची तपासणी, जी खरं तर दारूची सगळ्यात नेमकी खूण आहे, ती पॅकेजात जवळजवळ कधीच नसते. वेगळी मागावी लागते. लिपिड आणि युरिक अ‍ॅसिड ही भरताड आहे. दारूने ट्रायग्लिसराइड आणि युरिक अ‍ॅसिड वाढतं हे खरं, पण ते इतक्या कारणांनी वाढतं की त्यावरून दारूबद्दल काही बोलणं म्हणजे अंदाजपंचे.

‘या रिपोर्टवरून व्यसन आहे का ते कळेल’ असं काउंटरवर सांगितलं जात असेल तर तिथेच थांबवा. व्यसनाचं निदान रक्तात होत नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत ११ निकष आहेत. १२ महिन्यांत त्यातले किमान २ जुळले तर ‘वापर विकार’ म्हणतात आणि त्या ११ मध्ये रक्ताची एकही तपासणी नाही. रक्त फक्त सांगतं की गेल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत शरीराने किती दारू पचवली, तीही आडून. ऑडिट-सी ही तीन प्रश्नांची फुकट प्रश्नावली बऱ्याच वेळा या पॅकेजपेक्षा जास्त सांगून जाते. तिच्यात १२ पैकी पुरुषाला ४ आणि बाईला ३ गुणांपासून पुढे काळजीचं मानतात. प्रश्नावलीत बाईचं माप वेगळं धरलंय. लॅबच्या छापील कोष्टकात ते धरलंय का, हे तपासणं म्हणजे अर्धं परीक्षण.

सगळ्यात आधी गॅमा जीटी बघा, कारण पॅकेजचा सगळा भार तिच्यावर आहे. ही एन्झाइम यकृताच्या आणि पित्तनलिकांच्या पेशींत असते आणि नेहमीच्या दारूने वाढते. पुरुषाची वरची मर्यादा साधारण ५५ ते ६० युनिट प्रति लिटर आणि बाईची ३५ ते ४० धरतात. पद्धतीप्रमाणे दोन-चार युनिटांचा फरक पडतो. आता रिपोर्ट उघडा. ‘नॉर्मल रेंज’च्या रकान्यात ‘० ते ५५’ एवढंच छापलं असेल आणि रुग्ण बाई असेल, तर ४८ हा आकडा काळ्या अक्षरात निमूट पडून राहतो. तोच आकडा बाईच्या रकान्यात लाल व्हायला हवा होता. ही चूक यंत्राची नसते. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासणी सेट करताना लिंगानुसार रेंज भरलेली नसते किंवा नोंदणीच्या वेळी ‘फीमेल’ऐवजी ‘मेल’ निवडलं गेलेलं असतं. घरपोच बुकिंग नवऱ्याच्या मोबाइलवरून, नवऱ्याच्या खात्यातून झालं की ही दुसरी चूक हमखास होते. रिपोर्टच्या डोक्यावर नावापुढे वय आणि लिंग काय छापलंय, ते आकड्यांच्या आधी वाचा.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. बाईची गॅमा जीटी वाढली म्हणजे दारू, असं म्हणायला फार कमी आधार असतो. पित्ताचे खडे बायकांत जास्त, आणि खडा नळीत अडकला की ही एन्झाइम चढते. फॅटी लिव्हर, मधुमेह, लठ्ठपणा, गर्भनिरोधक गोळ्या, फिट्सच्या गोळ्या (फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन), टीबीची औषधं, या सगळ्यांनी ती वाढू शकते. पाळी गेल्यानंतर तर आपसूकच थोडी वर सरकते. गरोदरपणात उलट खाली येते. शिवाय बायकांत आणि तिशीच्या आतल्यांत, दारू चालू असूनही ती न वाढण्याचं प्रमाण जास्त आहे. म्हणजे बाईच्या बाबतीत ही तपासणी दोन्हीकडून फसवते.

आकड्यांनी बघू. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातले २७.३ टक्के पुरुष आणि १.६ टक्के स्त्रिया दारू घेतात असं आढळलं. आता समजा एखादी तपासणी पिणाऱ्यांतल्या निम्म्यांना पकडते आणि न पिणाऱ्या १०० पैकी १० जणांना उगाच पकडते. हे आकडे फक्त हिशेबापुरते धरलेत. १००० पुरुषांत २७३ पिणारे, त्यातले सुमारे १३६ पकडले जातील. उरलेल्या ७२७ मधले ७३ विनाकारण. म्हणजे ‘वाढलेलं’ आलेल्या तिघांपैकी दोघं खरोखर पिणारे. १००० बायकांत १६ पिणाऱ्या, त्यातल्या ८ सापडतील. उरलेल्या ९८४ पैकी ९८ जणींच्या रिपोर्टवर उगाच लाल शाई. १०६ लाल रिपोर्टांत ८ खरे. तेच यंत्र, तेच रसायन. बाई म्हणते ‘मी घेत नाही’ आणि गॅमा जीटी ७० आलीय, तर पोटाची सोनोग्राफी आणि शुगर आधी, संशय नंतर. घटस्फोटाच्या भांडणात असे पीडीएफ पुराव्यासारखे नाचवले जातात, म्हणून हे इतकं उगाळून लिहावं लागतं.

गॅमा जीटीचं खरं काम वेगळ्याच ठिकाणी आहे. उपचार सुरू झाल्यावर. दारू थांबली की तिची पातळी साधारण १४ ते २६ दिवसांत निम्मी होते. सुरुवातीला १६० असलेला माणूस तीन-चार आठवड्यांनी ८० च्या आसपास दिसायला हवा. तसं झालं तर पहिला आकडा दारूचाच होता याचा तो उत्तम पुरावा. खडे किंवा फॅटी लिव्हरमुळे वाढलेली पातळी अशी घसरत नाही. म्हणून एकदाच महागडं पॅकेज घेण्यापेक्षा सुटी गॅमा जीटी तीन वेळा करा: आज, चार आठवड्यांनी, आठ आठवड्यांनी. मात्र एकाच लॅबमध्ये. लॅब बदलली की पद्धत बदलते आणि घसरण खरी की यंत्राची, ते कळत नाही.

एमसीव्हीची गोष्ट आपल्याकडच्या बायकांत फार गुंतागुंतीची आहे. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, सर्वसाधारण ८० ते १०० फेम्टोलिटर. महिनोन् महिने दारू चालू असली की पेशी मोठ्या होतात आणि आकडा शंभरीपार जातो. पेशी १२० दिवस जगते, त्यामुळे दारू सोडल्यावरही आकडा खाली यायला दोन ते चार महिने लागतात. पुस्तकात इतकं सोपं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ५ (२०१९–२१) सांगते की १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, पुरुषांत २५ टक्क्यांना. यात लोहाच्या कमतरतेचा वाटा मोठा, आणि लोह कमी पडलं की पेशी लहान होतात. एकीकडून दारू पेशी फुगवते, दुसरीकडून लोहाची कमतरता त्यांना आक्रसवते, आणि सरासरी येते ८८. रिपोर्टवर सगळं हिरवं. सरासरी म्हणजे एक पाय निखाऱ्यावर, एक बर्फावर, आणि ताप नॉर्मल.

ही गफलत पकडायची जागा त्याच सीबीसीत, एका ओळीखाली असते: आरडीडब्ल्यू. पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते ती सांगते. साधारण साडेचौदा टक्क्यांच्या वर गेली आणि हिमोग्लोबिन बाईच्या १२ च्या मर्यादेखाली असेल, तर एमसीव्ही नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ‘पेरिफेरल स्मिअर’ मागा. काचेवर पसरलेल्या रक्तात लहान आणि मोठ्या अशा दोन जातीच्या पेशी एकत्र दिसल्या की पॅथॉलॉजिस्ट ‘डायमॉर्फिक’ असा शेरा मारतो. तपासणी स्वस्त आहे आणि पॅकेजात नसते, याचं नवल वाटतं.

आणि एमसीव्ही वाढलेली असेल तरी लगेच बाटली शोधू नका. बी-१२ कमी असलं की हेच होतं, आणि शाकाहारी घरांत ते कमी असणं नवीन नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी. थायरॉइड मंद असलं तरी पेशी मोठ्या होतात आणि ते दुखणं बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) केल्याशिवाय वाढलेल्या एमसीव्हीचा दारूशी संबंध जोडणं घाईचं.

सोलापुरासाठी खास एक गोष्ट. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त तासन् तास उबेत राहिलं की पेशी पाणी शोषून फुगतात आणि एमसीव्ही खोटी वाढते. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२ च्या वरही जातो. सकाळी सातला घेतलेलं रक्त मोटारसायकलच्या डिकीत फिरत दुपारी एकला लॅबमध्ये पोचत असेल, तर त्या आकड्याचं काय करायचं? तेच हिमोलिसिसचं. गरमीत, खडखडाटात, बारीक सुईने जोरात ओढलेल्या रक्तात पेशी फुटतात, आणि पेशींतली एसजीओटी बाहेर येऊन यकृताच्या नावावर खपते. रिपोर्टच्या तळाशी ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’ असा बारीक शेरा असेल तर एसजीओटीचा आकडा सोडून द्या आणि रक्त पुन्हा द्या. पुन्हा देण्याचे पैसे मागितले तर देऊ नका. नमुना नीट आणणं हे लॅबचं काम आहे.

एसजीओटी आणि एसजीपीटी एकत्र वाचायच्या. पहिली दुसरीच्या दुपटीहून जास्त असेल तर दारूमुळे यकृताला इजा झाल्याची शक्यता बळावते. त्यामागचं कारण मजेशीर आहे. एसजीपीटीला काम करायला बी-६ जीवनसत्त्व जास्त लागतं, आणि पिणाऱ्याच्या शरीरात त्याचाच तुटवडा असतो, म्हणून ती मागे पडते. इथेही मापाचा प्रश्न आहे. बऱ्याच लॅब एसजीपीटीची मर्यादा सगळ्यांना एकच, ४० किंवा ४५ छापतात. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत निरोगी पुरुषाची वरची मर्यादा २९ ते ३३ आणि बाईची १९ ते २५ आहे. ३८ आलेल्या बाईला ‘नॉर्मल’ म्हणणारं कोष्टक तिची दिशाभूल करतं. स्नायूंतूनही एसजीओटी येते, तेव्हा हमालीचं किंवा जिमचं जड काम केल्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणी नको.

सीडीटी हा वरच्या दराच्या पॅकेजचा मोहरा. ट्रान्सफेरिन हे लोह वाहून नेणारं प्रथिन. त्याला साखरेच्या फांद्या असतात. सततच्या दारूने या फांद्या नीट जोडल्या जात नाहीत आणि अशा बोडक्या ट्रान्सफेरिनचं टक्केवारीतलं प्रमाण म्हणजे सीडीटी. साधारण १.७ टक्क्यांपासून पुढे संशय, २ च्या वर बऱ्यापैकी खात्री. गॅमा जीटीपेक्षा ती दारूशी जास्त प्रामाणिक आहे. खडे, फिट्सच्या गोळ्या असल्या गोष्टींनी सहसा हलत नाही. पण ती जागी व्हायला रोज ५० ते ८० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, तेही एक-दोन आठवडे लागतं.

हे ग्रॅम समजून घ्या, मग बाईच्या बाबतीत काय बिघडतं ते कळेल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं, १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ६०. ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर स्ट्राँग बिअरमध्ये ४० च्या आसपास. म्हणजे सीडीटी वाजायला रोज जवळपास एक क्वार्टर हवी. यकृताचे डॉक्टर मात्र पुरुषाला दिवसाला ३० ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅमच्या पुढे दारूचा धोका धरतात. बाईसाठी तो उंबरठा एका पेगवर आहे आणि तपासणीची घंटा तीन पेगांवर. मधल्या दोन पेगांच्या पट्ट्यात यकृत खराब होत राहतं आणि सीडीटी ‘नॉर्मल’ म्हणत राहते.

बाईच्या शरीरात तीच दारू जास्त का चढते, त्याचा हिशेब सोपा आहे. अल्कोहोल पाण्यात पसरतं, आणि बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, चरबीचं जास्त. रक्तातल्या दारूचा अंदाज काढायच्या विडमार्कच्या सूत्रात पुरुषाचा गुणक ०.६८ आणि बाईचा ०.५५ असतो. ६० ग्रॅम एकदम घेतले असं धरलं तर ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात १०० मिलिलिटरला साधारण १२५ मिलिग्रॅम होतात, ५५ किलोच्या बाईच्या रक्तात जवळपास २००. शिवाय जठरातच काही दारू मोडणारी एन्झाइम बायकांत कमी काम करते. म्हणून व्यसन जडण्यापासून अवयव बिघडण्यापर्यंतचा रस्ता बायकांत आखूड असतो.

सीडीटीत बाईसाठी आणखी एक अडचण जुनीच आहे. लोह कमी असलं, गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्या किंवा गरोदरपण असलं की ट्रान्सफेरिन वाढतं. सुरुवातीच्या किटमध्ये सीडीटी टक्केवारीत न मोजता नुसत्या युनिटांत मोजत, तेव्हा पुरुषांची मर्यादा २० आणि बायकांची २६ ठेवावी लागत होती. टक्केवारीने हा फरक बराचसा मिटला, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत टक्केवारीही वर सरकते. रिपोर्टमध्ये आकड्यापुढे ‘%’ आहे ना आणि पद्धत ‘एचपीएलसी’ किंवा ‘कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस’ आहे ना, ते बघा. पद्धतच छापली नसेल तर तो आकडा दुसऱ्या कुठल्या आकड्याशी ताडू नका.

आता पेथ. पूर्ण नाव फॉस्फॅटिडिलइथेनॉल. लाल पेशींच्या आवरणात हे द्रव्य दारू असेल तरच तयार होतं. दारू नाही तर ते नाही, इतका सरळ मामला. खडे, शुगर, फिट्स, थायरॉइड, कशाचाच संबंध नाही. मोजतात एलसी-एमएस-एमएस या यंत्रावर. २०२२ च्या बासेल सहमतीनुसार (तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या मर्यादा) २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली म्हणजे दारू नाही किंवा अगदी थोडी, २०० आणि वर म्हणजे भरपूर आणि नियमित. पातळी निम्मी व्हायला साधारण ४ ते १० दिवस लागतात, त्यामुळे मागचे दोन-चार आठवडे लपत नाहीत. आणि या परीक्षणाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट, पुरुष आणि बाई दोघांना मर्यादा एकच आहे. इथे माप घेणाऱ्याने दोघांना डोळ्यांसमोर ठेवलं. फक्त हिमोग्लोबिन फार खाली असेल तर पेशीच कमी, म्हणून आकडाही थोडा कमी वाचला जाण्याची शक्यता धरावी. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर रक्तदात्याची दारू रिपोर्टमध्ये येऊ शकते, हेही डॉक्टरांना सांगा.

सेवा म्हणून मात्र पेथ कटकटीची. नमुना बाहेरच्या मोठ्या लॅबकडे जातो, रिपोर्टला दिवस लागतात आणि पैसे सुट्या गॅमा जीटीच्या कितीतरी पट. घेताना चार गोष्टींवर नजर ठेवा. ट्यूब जांभळ्या टोपणाचीच हवी आणि ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची नाही, कारण पेथ पेशीत असतं, वरच्या पिवळ्या पाण्यात नसतं. सवयीने फिरवून सिरम पाठवलं की नमुना वाया. दंड पुसायला सावधगिरी म्हणून स्पिरिटऐवजी बेटाडीन वापरायला सांगा. प्यायलेल्या अवस्थेत रक्त देऊ नका, कारण रक्तात दारू असेल तर ट्यूबमध्येही पेथ बनत राहतं. आणि नमुना साध्या डीप फ्रीजरमध्ये उणे २० वर ठेवून पाठवण्यापेक्षा फ्रीजमधल्या थंडीत लवकर पाठवलेला बरा. दीर्घकाळ ठेवायचा तर उणे ८० लागतं.

तंबाखूचं कोटिनिन (निकोटिन अंगात मोडून बनणारं द्रव्य) काही पॅकेजांत ‘स्मोकर पॅनेल’ म्हणून जोडलेलं असतं, आणि सोलापुरात त्याचा निकाल वाचताना डोकं शांत ठेवावं लागतं. इथे हजारो बायका विड्या वळतात. कुंभारीला त्यांच्यासाठी गोदूताई परुळेकर वसाहतीची १० हजार घरं उभी राहिली, इतकी ही संख्या मोठी आहे. दिवसभर तंबाखूची भुकटी हाताळणाऱ्या बाईच्या अंगात निकोटिन कातडीतून आणि धुळीतून जातं. तिने आयुष्यात विडी ओढलेली नसली तरी कोटिनिन सापडतं. त्यात मशेरी. सकाळी मशेरी लावणारी बाई ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. फॉर्मवर ‘धूम्रपान: हो/नाही’ एवढाच रकाना ठेवणाऱ्या लॅबला या शहरात कोटिनिन विकण्याचा अधिकार नसावा. मशेरी, मावा, गुटखा, विडी वळण्याचं काम आणि निकोटिन गम, हे पाच प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत.

उलटी चूकही होते. कोटिनिन साधारण १६ ते १८ तासांत निम्मं होतं, पण इस्ट्रोजेनमुळे निकोटिन मोडणारी यकृतातली एन्झाइम बायकांत जास्त वेगाने चालते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्या की आणखी वेगाने, गरोदरपणात तर निम्मं व्हायला ९ तासच. म्हणजे तितकीच तंबाखू घेऊन गरोदर बाईचा आकडा कमी दिसतो. सोडली म्हणून शाबासकी देण्याआधी हे लक्षात असू द्या.

ताडीतली भेसळ, गांजा, झोपेच्या गोळ्या, अफू यांच्यासाठी हे पॅकेज बिनकामाचं. ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळल्याचे प्रकार महाराष्ट्र-तेलंगणात वारंवार उघडकीस आलेत, ते गॅमा जीटीला कळत नाही. त्यासाठी लघवीची तपासणी वेगळी. रक्तातलं बीडीएनएफ (मेंदूच्या पेशींना जोपासणारं प्रथिन), कॉर्टिसोल (ताणाचं हॉर्मोन) यांच्यावर संशोधन चालू आहे, पण ते तुमच्या पैशांनी करायचं कारण नाही. कॉर्टिसोल तर गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईत नुसत्या गोळीमुळे दुप्पट दिसू शकतं.

बुकिंगनंतर येणाऱ्या मेसेजवर एक गंभीर तक्रार आहे. ‘तपासणीपूर्वी ७२ तास मद्यपान टाळा’ असं त्यात सर्रास असतं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, ४८ ते ९६ तासांत भ्रम, थरथर, घाम, आणि ते जिवावर बेतू शकतं. तीन दिवसांत सीडीटी किंवा एमसीव्ही फारशी हलत नाही. तपासणीसाठी दारू थांबवू नका. थांबवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीत.

रिपोर्ट कुणाच्या फोनवर जाणार, हेही आधी ठरवा. खात्यावर नवऱ्याचा किंवा दिराचा नंबर असेल तर बाईचा रिपोर्ट तिच्याआधी घरातल्या सगळ्यांनी वाचलेला असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू आणि अमली पदार्थांशी निगडित अवस्थांनाही मानसिक आजारात धरतो आणि अशा माहितीच्या गोपनीयतेचा हक्क देतो. लॅबला कायदा ठाऊक असेलच असं नाही. तिचा स्वतःचा नंबर द्या, नसेल तर ‘छापील प्रत, स्वतः येऊन नेणार’ असं लिहून घ्या. सासूच्या सांगण्यावरून सुनेचं रक्त ‘थायरॉइड’ म्हणून घेऊन त्यात हे पॅकेज चढवणं ही फसवणूक आहे. संमती विचारल्याशिवाय सुई लावणाऱ्या लॅबला शून्य गुण.

पैसे देण्याआधी एवढं करा. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता विचारा, पण लॅबच्या फलकावरच्या शिक्क्यावर समाधान मानू नका. मान्यता तपासणीगणिक असते, म्हणून गॅमा जीटी आणि सीडीटी त्या यादीत आहेत का ते विचारा. मग पॅकेज सोडून सुट्या तपासण्या लिहून द्या. पुरुषासाठी गॅमा जीटी, एसजीओटी, एसजीपीटी, सीबीसी. बाईसाठी याच चार, शिवाय फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२, आणि पाळीची तारीख, गोळ्या, गरोदरपण फॉर्मवर लिहिलेलं. वाद असेल, कोर्टाचा किंवा नोकरीचा प्रश्न असेल, तर थेट पेथ. सिव्हिलच्या मनोविकार ओपीडीला जायचं असेल तर आधी काहीच करू नका. तिथे डॉक्टर विचारतील ते प्रश्न आधी, रक्त मग. कुठे जावं कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा टोल-फ्री क्रमांक आहे.

रक्त घ्यायला आलेल्या मुलाला ट्यूबवरचं नाव, वय आणि लिंग तुमच्यासमोर लिहायला लावा, आणि उन्हाळा असेल तर बॅग उघडून आत बर्फाचं पाकीट गार आहे का, ते हात लावून बघा.